ही वस्तू नेमकी काय आहे? ऑनलाइन लिलावातली विचित्र जाहिरात कशी उलगडावी

‘राजघराण्यातली दुर्मीळ तांत्रिक वस्तू, विजयनगर-मराठा काळ.’ शीर्षक असं भारदस्त, फोटो एकच आणि तोही अंधूक, मागणी अठरा हजारांची. फोटोत दिसते ती मात्र पाय घासायची पितळी वज्री. वर पोपटांची जोडी, खाली चौकडी कोरलेला खरखरीत तळ, आत वाजणारे खडे. विकणाऱ्याला वस्तू ओळखता आलेली नसते, किंवा ओळखूनही सांगायची नसते. दोन्ही वेळा आपलं काम एकच: त्याचे शब्द झाकायचे आणि वस्तू वाचायची.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातल्या माणसाला हे काम इतरांपेक्षा सोपं जातं. मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरं डोळ्यांखालून गेलेली असतात, माळ्यावर जुनी पितळ-तांब्याची भांडी असतात, आणि बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री-मशीनशॉपमध्ये काम केलेला कुणी ना कुणी ओळखीचा असतो. परदेशी साइटवर ‘अज्ञात’ म्हणून चढवलेल्या निम्म्या भारतीय वस्तू इथल्या आजीला दाखवल्या तर ती लगेच नाव सांगेल.

आधी जाहिरात जपून ठेवा

विचित्र जाहिराती लवकर गायब होतात, किंवा प्रश्न विचारल्यावर मजकूर बदलतो. म्हणून पहिल्यांदा पानाचे पूर्ण स्क्रीनशॉट घ्या: शीर्षक, वर्णन, विकणाऱ्याचं नाव, वस्तूचा क्रमांक, किंमत, बोलींची संख्या, संपायची वेळ. फोटो मोठा करून वेगळे सेव्ह करा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा.

मग कागदावर दोन रकाने करा. डावीकडे विकणारा काय म्हणतो ते, उजवीकडे फोटोत खरोखर काय दिसतं ते. ‘सोन्याचं’ डावीकडे जाईल, ‘पिवळा धातू, कडेला हिरवट डाग’ उजवीकडे. पुढचा सगळा विचार उजव्या रकान्यावरून करायचा. हे वहीत खरंच लिहा. मनातल्या मनात केलं की शीर्षकातले शब्द परत डोळ्यांवर चढतात.

काही शब्दांचे बाजारातले अर्थ पाठ असावेत. ‘मराठा स्टाइल’, ‘मुघल स्टाइल’ म्हणजे नवीन बनावटीची वस्तू. ‘अनटेस्टेड’ म्हणजे चालत नाही असं धरून चाला. ‘ॲज इज’ म्हणजे नंतर कटकट ऐकून घेणार नाही. ‘बॉक्स ओन्ली’ म्हणजे फक्त रिकामं खोकं. मोबाईलच्या जाहिरातीत हे दोन शब्द वर्णनाच्या शेवटच्या ओळीत दडवलेले असतात. आणि एकाच शीर्षकात टिपू, पेशवे, आदिलशाही, ब्रिटिश असे चारही काळ आले, तर विकणाऱ्याने शोधात सापडावं म्हणून शब्द भरलेत. काळाबद्दल त्याला काहीच सांगायचं नाही.

फोटोतून माप काढणं

विचित्र वाटणाऱ्या बहुतेक वस्तू माप कळल्याबरोबर ओळखीच्या होतात. शेजारी नाणं असेल तर काम झालं: दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटर व्यासाचं असतं. फोटोत नाणं ९ मिमी भरलं आणि वस्तू ४० मिमी, तर खरी वस्तू १२० मिमी, म्हणजे १२ सेंटिमीटर. नाणं आणि वस्तू एकाच पातळीत हवीत. वस्तू कॅमेऱ्याच्या जवळ आणि नाणं मागे असेल तर हिशेब चुकतो. नाणं नसेल तर फरशी, वर्तमानपत्राचा रकाना, हाताचं बोट यावरून अंदाज घ्या. काहीच नसेल तर विकणाऱ्याला पट्टी ठेवून फोटो मागा.

मागायचे फोटो ठरलेले: तळ, कडा, आतली बाजू, जोड किंवा डाग दिल्याची जागा, आणि अक्षरं असतील तर तिरप्या उजेडात जवळून. निरोप साधा ठेवा: ‘नमस्कार. वस्तू आवडली आहे. तळाचा, आतून आणि पट्टी ठेवून असे तीन फोटो पाठवाल का? वजन किती ग्रॅम आहे?’ वस्तू हातात असलेला माणूस एक-दोन दिवसांत फोटो पाठवतो. ‘फोटो तेच आहेत, घ्यायचं तर घ्या’ असं उत्तर आलं तर बहुधा वस्तू त्याच्याकडे नाहीच.

ते तपासायला उलटा फोटो-शोध करा. गूगल लेन्समध्ये फोटो टाकला की तोच फोटो इतर कुठे आहे ते दिसतं. इथे एक चूक सगळे करतात: पूर्ण फोटो टाकतात, आणि यंत्र टेबलक्लॉथ ओळखून बसतं. फोटो कापून फक्त वस्तू ठेवा, मग फक्त नक्षी, मग फक्त अक्षरं, असा तीनदा शोध घ्या. लेन्सने सांगितलेलं नाव पुरावा म्हणून धरू नका, कारण ते दुसऱ्या जाहिरातीतलं चुकीचं शीर्षकच परत वाचून दाखवतं.

शब्दांनी शोधतानाही आपल्या भागाचा फायदा घ्या. एकच वस्तू मराठीत अडकित्ता, कन्नडात अडकत्तरी. विळीची ईळिगे, तांब्याची तंबिगे. गावांच्या नावांचंही तसंच. बेळगाव, बेलगाम, बेळगावी, शिवाय इंग्रजी स्पेलिंगच्या चुका धरून शोधा. चुकीच्या स्पेलिंगने चढवलेल्या वस्तूपर्यंत दुसरे गिऱ्हाईक पोचत नाहीत आणि ती बोलीशिवाय पडून राहते.

घरातल्या वस्तू, ज्या गूढ म्हणून विकल्या जातात

छोटी जोडडबी, साखळीने बांधलेली, ‘विषाची गुप्त डबी’ अशा नावाखाली आली, तर आत पांढरी पुटं शोधा. ते चुन्याचं चुनाळं असतं. बिजागरीत अडकलेला चुना सहज निघत नाही, त्यामुळे हीच खूण वापरलेल्या जुन्या वस्तूची.

अंड्याच्या किंवा छोट्या घराच्या आकाराची चांदीची डबी, दोन्ही टोकांना दोरा ओवायला गोंडे किंवा कड्या, मधून उघडणारी: परदेशी साइटवर तिला ‘अत्तरदाणी’ म्हणतात. ती लिंगायतांची इष्टलिंग ठेवायची करडिगे, गळ्यात शिवदाऱ्याला बांधायची. आपल्या शेजारच्या घरात ती आजही पूजेची वस्तू आहे. घेतलीत तर त्याच आदराने हाताळा, आणि आत लिंग असेल तर विकत घेण्याआधी लिंगायत समाजातल्या जाणत्या माणसाशी बोला.

पितळी-लोखंडी पेल्यांचा उतरता संच ‘मंदिरातली पात्रं’ म्हणून दिसला तर आत पाणी मोजून घ्यायला सांगा. मापटं चिपट्याच्या दुप्पट, शेर मापट्याच्या दुप्पट, आणि चार शेरांची पायली. शेरापर्यंतचा प्रत्येक पेला आधीच्याच्या बरोबर दुप्पट भरला तर ती धान्याची मापं. बाहेरून सरकारी छाप ठोकलेला असेल तर ती दुकानात वापरलेली. वजनांचंही असंच: तोळा ११.६६ ग्रॅम, ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅम. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, आणि पुढच्या काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. म्हणून शेर-तोळ्यांची छाप असलेलं वजन बहुधा त्याआधीचं.

पत्र्यावर उठाव काढलेले छोटे देव हे देव्हाऱ्यातले टाक. मोठे पितळी चेहरे म्हणजे मुखवटे; सौंदत्तीच्या यल्लम्माचे आणि खंडोबाचे मुखवटे ‘आदिवासी मास्क’ म्हणून चढवलेले दिसतात. पाठीमागे कडेला बांधायची भोकं किंवा कड्या असतात. भोकांच्या कडा गुळगुळीत झिजलेल्या हव्यात. नव्या मालात त्या धारदार राहतात.

भांड्यावर नाव असेल तर तीच सगळ्यात मोठी खूण. गळ्याखाली किंवा कडेवर ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेलं नाव, गाव, कधी तारीख, आणि शेवटी ‘यांजकडून’. कन्नडातही तसंच असतं, आणि उत्तरेकडचे विक्रेते त्या अक्षरांना ‘अज्ञात प्राचीन लिपी’ म्हणतात. आत कल्हईचे अवशेष दिसले तर भांडं खरंच स्वयंपाकात वापरलेलं होतं.

लाकडाचं ‘अमूर्त शिल्प’

आता एक वस्तू जी आपल्या गावात तयार होते आणि लांबच्या बाजारात कोडं बनून फिरते. लाल, पिवळा, काळा रंग दिलेला गुळगुळीत लाकडी तुकडा, चाकासारखा किंवा पंपाच्या पोटासारखा, आणि कडेने विनाकारण बाहेर आलेले दंडगोल. सजावटीच्या दुकानात त्याला ‘इंडस्ट्रियल आर्ट’ म्हणतात. तो फौंड्रीचा लाकडी पॅटर्न. वाळूत दाबून साचा उठवायचा, पॅटर्न काढून घ्यायचा, त्या पोकळीत वितळलेलं बीड (ओतीव लोखंड) ओतायचं.

ओळखायच्या खुणा पक्क्या आहेत. पॅटर्न बहुधा दोन अर्ध्या भागांत असतो आणि मधल्या सपाट बाजूवर डॉवेल पिना (दोन भाग जुळवणाऱ्या खुंट्या) आणि त्यांची भोकं असतात. उभ्या बाजू किंचित उतरत्या असतात, साधारण एक ते तीन अंश, वाळू न मोडता बाहेर निघावा म्हणून. आतले कोपरे मेणाने किंवा चामड्याच्या पट्टीने गोल केलेले असतात. ते ‘विनाकारण’ दंडगोल म्हणजे कोअर प्रिंट, पोकळ भागाचा गाभा टेकवायची जागा. त्यांना वेगळा रंग असतो. अंगावर पार्ट नंबर ठोकलेला किंवा पितळी आकडे बसवलेले असतात.

पॅटर्न तयार वस्तूपेक्षा थोडा मोठा बनवतात, कारण धातू थंड होताना आकसतो: बिडासाठी मीटरला सुमारे १० मिमी, स्टीलसाठी २० मिमीच्या आसपास, ॲल्युमिनियमला साधारण १३. विकणारा पॅटर्नसोबत ‘त्यातून ओतलेला मूळ भाग’ही विकत असेल तर दोन्हींचं एकच माप घेऊन बघा. ३०० मिमीच्या बिडाच्या भागासाठी पॅटर्न ३०३ च्या आसपास हवा. दोन्ही अगदी सारखे भरले तर ते एकमेकांचे नव्हेत. ज्या बाजूवर पुढे मशीनिंग होतं तिथे पॅटर्नवर आणखी २-३ मिमी जास्त असतं, म्हणून माप खरबरीत, मशीन न केलेल्या बाजूंचं घ्या.

विचित्र यंत्रभागांसाठी आट्यांकडे बघा. कुठल्याही टर्नरकडे आट्यांचा गेज असतो. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टला इंचाला १२ आटे आणि त्यांचा कोन ५५ अंश. अमेरिकन अर्ध्या इंचाला १३ आटे, कोन ६०. बारा मिमी मेट्रिक बोल्टवर दोन आट्यांतलं अंतर १.७५ मिमी, कोन ६०. ‘पेशवेकालीन कुलूप’ म्हणून आलेल्या पेटीला मेट्रिक स्क्रू असतील तर किमान तो भाग तरी अलीकडचा आहे.

नाणी: सगळ्यात जास्त खोटं इथे

राम-सीता-हनुमान असलेलं, मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ किंवा १६१६, १७१७ असं साल: अशी तांब्याची नाणी आजही लाखांच्या किमतीला चढवली जातात. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी कंपनीने १८३५ पासून काढली. देवांची ही नाणी म्हणजे नंतर केलेली टोकनं आहेत. देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, गुंतवणूक म्हणून किंमत नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या रुपयात साल आणि किताब जुळवून पाहा. १८७६ पर्यंतच्या नाण्यांवर ‘क्वीन’ आहे, १८७७ पासून ‘एम्प्रेस’. १८६२ सालावर ‘एम्प्रेस’ दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही. शिवाय १८६२ हे साल कायम ठेवून पुढे बरीच वर्षं रुपये पाडले गेले, म्हणून १८६२ चा खरा रुपयाही दुर्मीळ नव्हे. खऱ्या चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९३९ चा रुपया मात्र खरोखर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच त्या सालाबाबत दुप्पट सावध राहावं.

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, आपल्या भागात घराघरांत निघते. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. वजन साधारण ८ ते १३ ग्रॅम. या हाताने ठोकलेल्या, त्यामुळे अक्षरं कडेला सरकलेली, एखादा भाग नाण्याबाहेर गेलेला असा प्रत्येक नग वेगळा असतो. एकाच विक्रेत्याच्या दोन शिवरायांवर तोच खड्डा, तीच कापलेली अक्षरं दिसली तर त्या एका साच्यात ओतलेल्या आहेत. ओतीव नकलेवर बारीक बुडबुड्यांचे खड्डे आणि कडेला सांध्याची रेघ सापडते. सोन्याचा शिवकालीन होन जगात मोजकाच शिल्लक आहे. तो पाच-दहा हजारांत ‘तातडीने विकणे’ असेल तर उत्तर उघड आहे.

विजापूरची लारी हे मात्र खऱ्या अर्थाने विचित्र दिसणारं नाणं: चांदीची तार मधून दुमडलेली, केसांच्या आकड्यासारखी, चपट्या भागावर अरबी-फारसी अक्षरांचे तुकडे. ‘जुना हेअरपिन’ म्हणून लारी विकायला आलेली असू शकते. अक्षरांचा जवळून फोटो मागा.

‘वैष्णोदेवीचं नाणं दहा लाख’, ‘ट्रॅक्टरवाली पाचची नोट’, ‘७८६ नंबर’: यांत विकत घेणाराच भामटा असतो. तो तुमच्याकडून नोंदणी फी, कर, कमिशन मागतो आणि रिझर्व्ह बँकेचं खोटं पत्र पाठवतो. आपण अशा व्यवहारात नाही आणि कुणाला फी घ्यायला सांगितलेलं नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे.

मोडी कागद आणि पदकं

‘तांत्रिक हस्तलिखित, लिपी अज्ञात’ म्हणून येणारे कागद पुष्कळदा मोडीतले हिशेब, गहाणखतं, कर्जरोखे असतात. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, रामदुर्ग, जमखिंडी, मुधोळ ही संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली. त्यामुळे स्टॅम्पवर कुणाचं नाव आहे यावरूनच गाव आणि काळ आवळता येतो. रामदुर्ग आज बेळगाव जिल्ह्यात, जमखिंडी-मुधोळ बागलकोटमध्ये.

साल वाचता आलं की अर्धं काम झालं. जुन्या कागदांत शक, फसली आणि शुहूर अशा तीन कालगणना भेटतात. शकात ७८ मिळवा: शके १८०५ म्हणजे १८८३. फसलीत ५९०: फसली १२९३ म्हणजे १८८३. शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात, त्यात ५९९ मिळवायचे. ‘सलास समानीन मया व अलफ’ म्हणजे ३+८०+१००+१०००, एकूण ११८३, इसवी १७८२. फसली आणि शुहूर ही वर्षं मृगाला सुरू होतात, म्हणून जानेवारी ते मे मधल्या तारखेला आणखी एक वर्ष धरा. शके वर्षाच्या शेवटी, जानेवारी ते पाडवा, हाच नियम लावा. चूक होते ती इथेच, आणि कागद एका वर्षाने मागे जातो.

पदकं बेळगावच्या जिव्हाळ्याची. १९२२ पासून मराठा रेजिमेंटचं केंद्र इथे आहे. पहिल्या महायुद्धातलं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल ३६ मिमीचं, आणि सैनिकाचा नंबर, नाव, पलटण कडेवर ठोकलेली असते. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश सैनिकांना दिलेली पदकं बिननावाची होती, भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र नाव घातलेलं असायचं. म्हणून जाहिरातीत कडेचा फोटो नसेल तर तोच पहिला मागा. पहिल्या युद्धातल्या पलटणींचे क्रमांक १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे; ‘५ मराठा लाईट इन्फंट्री’ हे नाव १९२२ च्या पुनर्रचनेनंतरचं. कडेवरची अक्षरं घासून पुन्हा कोरली असतील तर पदकाचा व्यास कडेला किंचित कमी भरतो. व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा. अशा पदकावरचं गाव ओळखीचं निघालं तर त्या घराण्याला कळवा. पैशापेक्षा ती गोष्ट मोठी आहे.

काळ ठरवणारे छोटे धागे

पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर वस्तू १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. किंमत ‘न. पै.’ (नवे पैसे) मध्ये असेल तर १९५७ ते १९६४. ‘मैसूर राज्य’ असेल तर १ नोव्हेंबर १९७३ च्या आधीची, ‘बेळगावी’ हे अधिकृत इंग्रजी स्पेलिंग २०१४ नंतरचं. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०. निपाणीच्या विड्यांच्या जुन्या एनॅमल पाट्यांच्या नकला पुष्कळ निघतात. खऱ्या पाटीवर टवका उडालेल्या जागी एनॅमलचे थर आणि खाली गंजलेलं पोलाद दिसतं, अक्षरांवरून बोट फिरवलं तर उंचवटा लागतो. छापील पत्रा सपाट असतो.

हातात आल्यावर धातू तपासणं

वस्तू बेळगावच्या शहापूर किंवा कॅम्पमध्येच असेल तर प्रत्यक्ष बघायला जा आणि वजनकाटा घेऊन जा. आधी वस्तूचं कोरडं वजन. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लटकती धरा. तळाला, कडेला लागू देऊ नका. काट्यावर येणारा आकडा म्हणजे वस्तूचं आकारमान घनसेंटिमीटरमध्ये. कोरड्या वजनाला त्याने भागा. ४२० ग्रॅमची वाटी ५० दाखवते, भागाकार ८.४, म्हणजे पितळ. तांबं ८.९६, चांदी १०.५, लोखंड ७.९, शिसं ११.३, सोनं १९.३. जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला मिश्रधातू) साडेआठच्या आसपास राहतं, म्हणून ‘चांदीची’ वस्तू ८.६ आली की निकाल लागला.

फसतं कुठे? पोकळ वस्तूत हवा अडकली की भागाकार खोटा कमी येतो. बुडवून हलवा, बुडबुडे जाऊ द्या. लाख भरलेल्या दागिन्याला ही चाचणी लागूच नाही. आणि नाण्यासाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा निरुपयोगी: अकरा ग्रॅमचा रुपया जेमतेम एक ग्रॅम पाणी सारतो. तिथे ०.०१ ग्रॅमचा सोनाराचा काटा हवा. जुन्या वस्तूला चिंच-मीठ लावून चमकवू नका, तपासायच्या आधी तर नाहीच. वरचा जुना थर गेला की काळ सांगणारी खूण गेली आणि किंमतही.

किंमत आणि बोली

बेसुमार किंमत दिसली म्हणून वस्तू मौल्यवान समजू नका. २०११ साली ॲमेझॉनवर माशीच्या वाढीवरचं एक शास्त्रीय पुस्तक २ कोटी ३० लाख डॉलरांच्या पुढे गेलं. कारण दोन दुकानदारांचे प्रोग्रॅम एकमेकांची किंमत बघत होते: एक दुसऱ्याच्या ०.९९८३ पट ठेवायचा, दुसरा पहिल्याच्या १.२७ पट. माणसाने बघेपर्यंत आकडा वाढतच गेला. कधी माल संपलेला असतो आणि जाहिरात बंद पडू नये म्हणून विकणारा किंमत आकाशाला नेऊन ठेवतो. खरा भाव मागणीवरून कळत नाही, विकल्या गेलेल्या नगांवरून कळतो. ईबेवर ‘सोल्ड’ ही गाळणी लावली की गेल्या तीनेक महिन्यांतले सौदे दिसतात.

बोली लावताना आपली कमाल रक्कम एकदाच ठरवा. तुमची कमाल १,५००, दुसऱ्याची ९००, वाढ ५० ची असेल तर तुम्हाला ९५० ला मिळते. पूर्ण १,५०० जात नाहीत. म्हणून पन्नास-पन्नासने भांडण्यात अर्थ नाही. वेळ ठरलेल्या लिलावात बोली शेवटच्या दहा सेकंदांत टाका, म्हणजे इतरांना विचार करायला वेळ उरत नाही. शेवटच्या बोलीने वेळ वाढते अशा साइटवर याचा उपयोग नाही. बोलींचा इतिहास उघडून बघा: शून्य अभिप्रायाचा एकच जण त्याच विक्रेत्याच्या वस्तूंवर सारखा थोडं थोडं चढवतोय आणि कधी जिंकत नाही, तर तो विक्रेत्याचाच माणूस समजा आणि बाजूला व्हा.

ज्यांना हात लावायचा नाही

‘हत्ताजोडी’ ही वनस्पतीची मुळी नव्हे, ती घोरपडीचं गुप्तांग असते. ‘इंद्रजाल’ समुद्रातलं पोवळ्यासारखं जीवजंतूंचं झाड. वाघनखं, खवले मांजराचे खवले, मांडूळ, हस्तिदंत, सांबरशिंग: सगळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, आणि भीमगडचं अभयारण्य खानापूर तालुक्यातच असल्याने यातल्या काही वस्तू आपल्याच जंगलातून निघालेल्या असू शकतात. अशी जाहिरात दिसली तर स्क्रीनशॉट वनखात्याला द्या. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, शिल्प, आणि ७५ वर्षांहून जुनं ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित हे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. विक्रीला परवाना लागतो आणि देशाबाहेर पाठवता येत नाही. शेतात सापडलेलं गाडगंभर धन ऑनलाइन चढवणं तर थेट गुन्हा. १८७८ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

‘तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं’ आणि ‘जुन्या रेडिओतला, शिलाई मशीनमधला लाल पारा’ या दोन गोष्टी अस्तित्वातच नाहीत. भांड्याच्या प्रयोगात दाण्यांत लोखंडाचे बारीक तुकडे आणि भांड्यात चुंबक असतं. पुढची पायरी ठरलेली: ‘शास्त्रज्ञ तपासायला येणार, त्यांच्या संरक्षक पोशाखाचा खर्च भरा.’ घरंदारं विकली गेली आहेत यात.

पैसे आणि पार्सल

बेळगावात कॅम्प असल्यामुळे एक थाप इथे सहज पटते: ‘मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी आणि फर्निचर स्वस्तात देतोय, गेटपासचे पैसे पाठवा.’ सोबत ओळखपत्राचा फोटो. वस्तू बघायला कधीच मिळत नाही. गाडी असेल तर आरसीवरचा नंबर परिवहन खात्याच्या ॲपवर टाकून मॉडेल आणि मालकाच्या नावाची जेवढी अक्षरं दिसतील तेवढी जुळवा, आणि प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील’ म्हणणारा पैसे काढून घेणार आहे.

पार्सल आलं की उघडण्याआधी लेबलवरचं वजन वाचा. दोन किलोची समई आणि लेबलवर ४०० ग्रॅम, तर तिथेच पोस्टमनसमोर शेरा मारून घ्या. खोकं सगळ्या बाजूंनी दाखवत, एकही कट न करता उघडतानाचा व्हिडिओ काढा. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० वर फोन करा, बँकेला व्यवहाराचा क्रमांक द्या, आणि मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. सुरुवातीला काढून ठेवलेले स्क्रीनशॉट, गप्पांचे निरोप आणि यूपीआय पावती तिथे जोडायची असते. तक्रारीचा क्रमांक मिळाला की त्याची प्रत जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात द्या.